हंड्यापाशी कोण थांबणार?

मी एक जुना बिडाचा हंडा आहे. तीन पाय, वर एक कडी आणि आत काळंभोर पोट, एवढंच माझं रूप. पोट मात्र मोठं. अख्खं मेंढरू, पोतंभर बटाटे आणि टोपलीभर मक्याचे दाणे त्यात सहज मावतात. मित्रांनो, तुमच्या घरी बिडाचा तवा असेल तर तो माझा लांबचा भाऊ. तेव्हा आपली ओळख जुनीच म्हणायची.

अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या पश्चिम भागात, ओहायो नदीकाठच्या एका भट्टीत माझा जन्म झाला. एल्झी हेक्राफ्ट नावाच्या शेतकऱ्याने मला विकत घेतलं आणि घरी नेल्यावर आधी डुकराची चरबी चोळून जाळावर तापवलं. पुन्हा चोळलं, पुन्हा तापवलं. लहान बाळाला तेल लावून शेकावं तसं त्याने मला दिवसचे दिवस शेकलं. त्या चरबीचा काळा, गुळगुळीत थर माझ्या पोटावर चढला. हा थर म्हणजे आम्हा बिडाच्या भांड्यांचं कातडं. ते असेल तर पोटात काही चिकटत नाही आणि गंज जवळ येत नाही. त्यामुळे आमच्या घरात एक नियम होता: हंड्याला साबण लावायचा नाही. गरम पाणी, फडकं आणि शेवटी चरबीचा हात, बस्स.

माझं काम बर्गू शिजवण्याचं. बर्गू म्हणजे मेंढीचं मटण, मका, बटाटे, घेवडा आणि टोमॅटो यांचा दाट रस्सा. तो सकाळपासून मंद जाळावर ठेवायचा आणि लाकडी चाटूने सतत ढवळायचा. आधी मी चर्चच्या जेवणावळींना जायचो. पुढे एल्झीला फुटबॉलचं वेड लागलं आणि शरद ऋतूतल्या दर शनिवारी माझी रवानगी हॉक्रीक कॉलेजच्या मैदानाबाहेर होऊ लागली. कॉलेजच्या संघाचं नाव ‘खेचरं’. नाव शोभून दिसायचं, कारण हरले तरी ती पोरं हट्ट सोडायची नाहीत, आणि हरायची बऱ्याच वेळा.

आमच्याकडचा फुटबॉल पायापेक्षा हातानेच जास्त खेळतात म्हणे. लांबोडका चेंडू छातीशी कवटाळून धावायचं आणि समोरच्याने त्याला आडवं पाडायचं. ‘म्हणे’ म्हणालो, कारण मी आजवर एकही सामना पाहिलेला नाही. माझी जागा गाड्या उभ्या करायच्या मैदानात, भिंतीच्या बाहेर. मला फक्त सामन्याआधीची वेळ ठाऊक आहे. नारिंगी सदरे घातलेली माणसं, खुर्च्या, धूर, दूर वाजणारे बँडचे ढोल, ‘आज काय होईल रे?’ हा एकच प्रश्न. मग सगळे आत पळतात आणि मी बाहेर उकळत राहतो. त्या वाट पाहण्याच्या तासांमध्ये माणसं फार प्रेमळ असतात. ते तास माझ्या वाट्याला आले, याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

खेचरं एकदा गटाच्या विजेतेपदाच्या सामन्यापर्यंत पोचली होती. एल्झीचा मुलगा ड्यूई तेव्हा तरणाबांड होता, लग्न नुकतंच झालेलं. सामना इतका अटीतटीचा झाला की चाटू टाकून एकूण एक माणूस आत पळाला. बर्गू तळाला लागला, करपला. आणि अगदी शेवटच्या क्षणी खेचरं हरली.

एल्झी बाहेर आला. त्याने माझ्यात डोकावून पाहिलं आणि निकाल दिला, “हंडा एकटा सोडलात ना? मग हरणारच.”

कुणी हसलं नाही. मित्रांनो, या बाबतीत आमच्या माणसांशी वाद घालू नये. तेव्हा ड्यूईची नवी नवरी, व्हर्ना, पुढे झाली. “मला तसंही त्या खेळातलं काही कळत नाही,” ती म्हणाली. “पुढच्या वेळी मी थांबते. तुम्ही सगळे जा.”

आणि ती थांबली. पुढच्या शनिवारी, पुढच्या वर्षी, केस पिकेपर्यंत थांबली. हिरव्या कापडाच्या खुर्चीत बसून ती मला ढवळायची. सामना संपला की ड्यूई लाल चेहऱ्याने धावत यायचा आणि सगळा सामना पहिल्यापासून सांगायचा. व्हर्ना वाडग्यात बर्गू वाढता वाढता विचारायची, “हो का? मग?” सामना संपल्याशिवाय बर्गूला कुणी तोंड लावायचं नाही, हाही आमचा नियम. त्यामुळे त्या रश्श्याला ड्यूईच्या बडबडीची फोडणी ठरलेली.

गेल्या हिवाळ्यात व्हर्ना गेली.

यंदाच्या मोसमात मला कुणी बाहेर काढलं नाही. ड्यूईचा मुलगा वेड याने स्टीलचं चकचकीत पातेलं आणि गॅसची शेगडी आणली. मी शेडमध्ये गवत कापायच्या यंत्राशेजारी पालथा पडून राहिलो. एका कोळ्याने माझ्या पायांमध्ये जाळं विणलं. राग कुणाचा धरू? ज्या चाटूवर व्हर्नाचा हात असायचा, तो चाटू हातात घ्यायला ड्यूईला जमत नव्हतं. तो एकदाच शेडमध्ये आला, माझ्यावर हात ठेवून उभा राहिला आणि परत गेला.

आणि कुणाच्या स्वप्नातही नसताना यंदा खेचरं जिंकत सुटली. विजेतेपदाचा सामना आला, तोही घरच्या मैदानावर! समोर ऑल्डरगेट कॉलेज, निळ्या सदऱ्यांचे, आखडू लोक. ड्यूईची झोप उडाली. तो तिकिटं पाकिटातून काढून पाहायचा, पुन्हा ठेवायचा. नारिंगी सदऱ्याला त्याने इस्त्री केली, ती मनासारखी झाली नाही म्हणून पुन्हा केली. शेवटी जेवणाच्या टेबलावर तो म्हणाला, “हंडा काढा. पातेल्यात शिजवलेल्या बर्गूवर विजेतेपद मिळत नसतं.”

हे ऐकलं वेडच्या बायकोने. ग्रेटा मूळची दूर उत्तरेतल्या मिनेसोटाची, घरात येऊन तिला जेमतेम वर्ष झालेलं. सासऱ्याला खूश करायची तिला भारी हौस. गुरुवारी दुपारी सगळे बाहेर गेलेले पाहून तिने मला अंगणात ओढलं. कोळ्याचं जाळं काढलं, आत डोकावली आणि म्हणाली, “बापरे, किती वर्षांचा काळपटपणा हा!”

मग तिने तारेची घासणी घेतली आणि साबण घेतला. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. ती गाणं गुणगुणत, घाम पुसत, इतक्या मायेने मला घासत होती की रागही येईना. संध्याकाळी मी राखाडी, लखलखीत आणि उघडा पडलो. रात्रभर दव पडलं. शुक्रवारी सकाळी मी आतून बाहेरून तांबडा झालो होतो.

वेडने डोक्याला हात लावला. “ग्रेटा! अगं काय केलंस हे? साबण? याला साबण?”

“मी... मला वाटलं, स्वच्छ...”

“आजोबांच्या हातचा थर होता तो! आईनं जन्मभर जपलेला! आणि उद्या सामना आहे, उद्या!”

ग्रेटा रडू लागली. ड्यूई माझ्याभोवती एक फेरी मारून आला. गंजावर बोट फिरवून त्याने ते पाहिलं. मला वाटलं, आता हा मला भंगारात देणार. तो ग्रेटाला म्हणाला, “रडायचं असेल तर तिकडे जाऊन रड, पोरी. पाणी पडलं की पुन्हा गंजेल.”

ती रडता रडता हसली. ड्यूईने लाकडं रचली, चरबीचा डबा आणला आणि एक फडकं तिच्या हातात दिलं. “तू काढलंस, तूच चढव. अगदी पातळ लाव. पावाला लोणी लावतो तसं नाही, अजून पातळ. आता जाळावर. धूर निघू दे.”

शुक्रवारचा सगळा दिवस ती दोघं माझ्यापाशी होती. चोळायचं, तापवायचं, थांबायचं. मधल्या वेळात ड्यूई तिला व्हर्नाच्या गोष्टी सांगत होता. व्हर्ना गेल्यापासून तो तिच्याविषयी इतकं बोललेला मी ऐकला नव्हता. संध्याकाळी माझ्यावर पुन्हा कोवळं, तपकिरी कातडं धरलं. एका दिवसाचं कातडं ते, कितीसं टिकणार? पण मी ग्रेटाला मनातून माफ केलं. खरं म्हणजे तिचे आभारच मानले.

शनिवारी सकाळी मैदानाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. आमच्या शेजारची जागा नेहमीप्रमाणे लॉनी फुल्ट्झची. हा ड्यूईचा शाळेपासूनचा दोस्त, गुडघे गेल्यामुळे गेली बरीच वर्षं आत न जाता बाहेरच बसणारा. त्याने माझ्यात डोकावून शीळ घातली. “काय रे ड्यूई, हंड्याला न्हाव्याकडे नेलं होतंस की काय?”

“गप बस. तुझं टक्कल आधी बघ.”

“माझ्या टकलावर बर्गू लागणार नाही. याच्यात लागणार!”

लॉनीचं खरं ठरलं. सामन्याला थोडाच वेळ उरला असताना ड्यूईने चाटू तळाशी फिरवला आणि थबकला. रस्सा माझा तळ धरू लागला होता. मी जीव तोडून सांभाळत होतो, पण कोवळ्या कातड्याची ताकद ती किती! त्या करपलेल्या दिवसाची आठवण मलाही झाली आणि त्यालाही.

ग्रेटा पुढे झाली. “तुम्ही जा, मिस्टर हेक्राफ्ट. चूक माझी आहे, मी थांबते. मला तसंही त्या खेळातलं काही कळत नाही.”

हे शब्द ऐकून ड्यूई तिच्याकडे पाहतच राहिला. मग त्याने पाकीट काढलं आणि आपलं तिकीट तिच्या हातात ठेवलं.

“पॉप, डोकं फिरलंय का तुझं?” वेड बापावर ओरडला. “जन्मभर वाट पाहिलीस ह्या दिवसाची!”

“तळाला कधी लागतं ते चाटूवरून कळावं लागतं. तिला नाही कळायचं.” ड्यूईने चाटू पुन्हा तळाशी फिरवला. “आणि तुझी आई म्हणाली होती, पुढच्या वेळी मी थांबते. हीच ती पुढची वेळ. तिच्या बदली मी थांबतो. जा आता, सुरुवात चुकेल.”

ती दोघं मागे वळून वळून पाहत गेली. बँड वाजला, दरवाजे गिळतील तेवढी माणसं आत गेली आणि गाड्यांचं मैदान रिकामं झालं. ड्यूई हिरव्या खुर्चीत बसला. माझ्या उभ्या आयुष्यात सामना चालू असताना तो पहिल्यांदाच माझ्यापाशी होता.

भिंतीपलीकडून गर्जना उठली. ड्यूई ताडकन उठला. “काय झालं? आपलं की त्यांचं?”

“आपलं,” लॉनी शांतपणे म्हणाला. “बँड वाजतोय ना? त्यांचं असतं तर चिडीचूप झालं असतं. आता रेडिओवाला सांगेल बघ, तो नेहमी मागून येतो.” त्याने खिशातला रेडिओ वर केला, आणि खरंच, निवेदक आत्ता कुठे ओरडू लागला.

“तुला बरं ठाऊक!”

“मला व्हर्नानं शिकवलं.”

ड्यूईचा चाटू थांबला. “व्हर्नानं? तिला खेळातलं काय कळायचं?”

लॉनीने तोंड वेडंवाकडं केलं. “आता सांगायला हरकत नाही. सांगितलंस तर बर्गू मिळणार नाही, अशी तंबी होती मला. अरे, या खुर्चीत बसून ती अख्खा संघ चालवायची! प्रशिक्षकाला अशा शिव्या घालायची की हंड्याने कान झाकावेत. तू बाहेर दिसलास की रेडिओ एप्रनच्या खिशात.”

खरं आहे, मित्रांनो. मी साक्षीदार आहे. चेंडू कुणाकडे द्यायला हवा होता, ते ती चाटू आपटून मला सांगायची.

“पण मग माझ्याकडून ते सगळं... पहिल्यापासून... दर वेळी ऐकायची कशाला?”

“मीही विचारलं होतं. म्हणाली, मला कळतं हे ड्यूईला कळलं तर तो सांगायचा थांबेल. त्याच्या सांगण्यात जी मजा आहे, ती सामन्यात नाही.”

ड्यूई मला पुन्हा ढवळू लागला, तळापासून, हळूहळू, तिच्यासारखा. “थँक यू, व्हर्ना,” तो पुटपुटला. डोळ्यांतलं पाणी त्याने बाहीने टिपलं, माझ्यावर पडू दिलं नाही. त्यानंतर दोघं म्हातारे रेडिओ मध्ये ठेवून बसले आणि प्रत्येक गर्जनेला उठले. शेवटची गर्जना इतकी मोठी होती की माझी कडी थरथरली. रेडिओवाल्याने सांगायच्या आधीच लॉनीने टोपी हवेत उडवली होती. आणि बर्गू? तळाला लागला नाही.

गर्दीतून ग्रेटा सगळ्यांच्या पुढे धावत आली. आवाज बसलेला, गालांवर नारिंगी रंग. ड्यूईने रेडिओ झटकन लॉनीच्या मांडीखाली सारला.

“पॉप! पॉप, जिंकलो आपण! तो नाही का, बुटका, त्याने चेंडू... म्हणजे आधी तो पडला, मग शिट्टी वाजली, मग ते निळे लोक...”

ती सगळं उलटंसुलटं सांगत होती. वेड सुधारायला पुढे झाला तर ड्यूईने त्याला कोपराने ढोसलं. त्याने वाडगं भरलं, तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “हो का? मग?”

मित्रांनो, बिडाला साबण लावू नये, हे तुम्ही आता विसरणार नाहीच. माझं मागणं आणखी एक आहे. तुम्ही मजेला जाता, तेव्हा तुमच्या घरातही कुणीतरी हंड्यापाशी मागे थांबत असेल. ‘मला त्यातलं काही कळत नाही’ असं म्हणत असेल. एकदा त्याच्या हातातला चाटू घ्या आणि त्याला आत पाठवा. तो परत येऊन सांगू लागला की, तुम्हाला सगळं ठाऊक असलं तरी विचारा, “हो का? मग?”