पाण्याचा शब्द

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढे या, जागा आहे. आज एका वाटाड्याची गोष्ट सांगतो. त्यानं कुणाला लुबाडलं नाही, कुणाचं रक्त सांडलं नाही. एकच शब्द खोटा बोलला, आणि तो हाडकासारखा त्याच्या घशात अडकून बसला. देवाचं नाव घ्या आणि ऐका.

सिनाईच्या वाळवंटात, आमच्या खोऱ्याच्या वरच्या अंगाला, उम्म रुजूम नावाचा डोंगर आहे. उघडाबोडका, तांबडा, कुठल्याच वाटेवर नसलेला. माथ्यावर एका पीराची कबर, आणि माथ्याच्या जरा खाली कातळात एक कुंड. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला तर त्यात उन्हाळ्यापर्यंत पाणी टिकतं. नाही झाला तर ते कुंड आणि तापलेला तवा सारखेच.

त्या डोंगरावर जायचं सबहा म्हातारीच्या मनात कितीतरी वर्षं होतं. तिचा धाकटा हमैद लहानपणी खोऱ्यात आलेल्या लोंढ्याबरोबर वाहून गेला होता. तेव्हा ती नवस बोलली, पोर जिवंत सापडलं तर पीरावर माझ्या हातानं चादर घालीन. पोर बाभळीच्या शेंड्याला चिकटलेलं सापडलं. पण कधी दुष्काळ आला, कधी नवऱ्याचं आजारपण, नवस मागे पडत गेला, आणि मध्येच तिचे डोळे गेले. आता तिनं धोशा लावला होता, अंगात धुगधुगी आहे तोवर मला न्या.

वसंत सरत आला तेव्हा तिच्या थोरल्यानं, फरजनं, आपल्या तंबूत बेत आखायला माणसं बोलावली. औदा वाटाड्याशिवाय बेत कसला ठरणार? त्या डोंगराची वाट औदाच्या बापानं दाखवायची, बापामागे औदानं. विस्तवाजवळची मानाची जागा त्याला दिली. फरजनं खलात कॉफी कुटली. मधल्या लोकरी पडद्याआड सबहा आणि इतर बाया कान देऊन बसल्या होत्या.

अडचण अशी होती. उंट खिंडीपर्यंतच चढतो, पुढे निव्वळ कातळ. तिथून म्हातारीला दोघा लेकांनी आळीपाळीनं पाठीवर न्यायचं. असं चढायला अख्खा दिवस जाणार, म्हणजे मुक्काम कुंडाशी. कुंडात पाणी असेल तर ठीक. नसेल तर पखाली पाठीवर घ्याव्या लागणार, आणि पाठी तर दोघांच्याच. त्यांवर एक तर पाणी चढेल, नाही तर आई.

आमच्यात पाण्याची खबर देणाऱ्याला एकच प्रश्न विचारतात, पाहिलं की ऐकलं? ऐकलं म्हणाला, तर कुणीतरी जाऊन बघून येतं. पाहिलं म्हणाला, तर विषय संपला. त्यानंतर पुन्हा विचारणं म्हणजे माणसाला तोंडावर खोटा म्हणणं.

कुंड भरलंय, असं औदा म्हणाला. फरजनं रिवाजाप्रमाणे विचारलं, "काका, पाहिलं की ऐकलं?"

"पाहिलं."

आता खरं काय ते सांगतो. हिवाळ्याच्या शेवटी औदा कुंड बघायला निघाला होता. खिंडीत पोचला आणि त्याचा उजवा गुडघा जो धरला, तो सुटेचना. तो तिथंच दगडावर बसला. माथ्यावर काळा ढग टेकला होता, पावसाची झालर लोंबत होती. तेवढं बघून तो फरपटत खाली आला आणि घरी कुणाला काही बोलला नाही. गुडघा गेलेल्या वाटाड्याला कोण वाटाड्या म्हणतो? पाऊस तर पाहिला होता ना, मग पाणी पाहिल्यासारखंच, अशी त्यानं मनाची समजूत घातली. ती समजूत त्या तंबूत बसून असेपर्यंत टिकली.

त्याच्या एका शब्दावर सगळा बेत उभा राहिला. एका उंटावर सबहा, दुसऱ्यावर पीठ, सरपण आणि कापायचं करडू असं ठरलं. मोठ्या पखाली परत खुंटीला गेल्या. म्हातारीनं चादर, ऊद आणि थोडे खजूर एका गाठोड्यात बांधून खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या बाभळीला टांगून ठेवले. तिथं टांगलेल्या वस्तूला आमच्यात कुणी हात लावत नाही. औदा रोज त्या बाभळीखालून जायचा आणि वर बघायचं टाळायचा.

एका दुपारी त्याची लेक रबीआ शेरडं घेऊन डोंगराकडून आली. ताक पिता पिता सहज म्हणाली, "बाबा, तित्तिरांचे थवे यंदा उम्म रुजूमवर उतरतच नाहीत. सरळ पलीकडच्या खोऱ्यात पाण्याला जातात."

औदाच्या हातातला घास हातातच राहिला. पाणी असताना तित्तिर कुंड सोडून कशाला जातील? म्हणजे ढगानं डोंगराला नुसता पदर लावला होता, कुंड भरण्याइतका पाऊस झालाच नव्हता.

मग त्याच्या मनानं पळवाट शोधली. फरजला सांगावं, परवा पुन्हा वर जाऊन आलो, कुंडाला तडा गेलाय, होतं ते पाणी झिरपून गेलं. कुणाचा जीव जाणार नाही आणि आपली मानही राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी हे वाक्य घोकतच तो फरजच्या तंबूकडे गेला.

तंबूच्या तोंडाशी सबहा एकटीच उन्हात बसली होती. पावलांवरूनच तिनं ओळखलं. "औदा ना रे? उजवा पाय ओढतोयस."

"काटा लागलाय, मावशी," तो म्हणाला. हे दुसरं खोटं.

म्हातारी आपल्याच नादात होती. "माझी पोरं न्यायला तयार नव्हती बघ. मी म्हटलं, औदा 'पाहिलं' म्हणालाय. माझे डोळे गेले तर गेले, त्याचे आहेत ना."

औदाला वाटलं, हिनं एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं. घोकलेलं वाक्य जिभेवर आलं आणि तिथंच सुकलं. कानाच्या पाळ्या रसरसल्या. आंधळ्या बाईसमोरही त्याची मान खाली गेली.

"मावशी, मी कुंड पाहिलेलं नाही. गुडघा धरला, खिंडीतूनच परत फिरलो. नुसता ढग पाहिला. आणि आता लेक सांगते, तित्तिर तिथं उतरत नाहीत. कुंड कोरडंच असणार."

सबहा कितीतरी वेळ हातातली काठी वाळूत फिरवत राहिली. चेहऱ्यावर राग नव्हता. रस्त्यात हातची वस्तू पडून जावी आणि कुठं पडली ते कळू नये, तसा झाला होता तो.

"मला एकटीला सांगून भागत नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली. "जिथं बसून पाहिलं म्हणालास, तिथंच बसून सांग."

सांगितलं त्यानं. तोच विस्तव, तीच माणसं. कुणी आवाज चढवला नाही. हमैद तेवढा विस्तव उकरत म्हणाला, "म्हणजे काकांचे डोळे गुडघ्यात होते तर," आणि दोघं-तिघं हसले. फरजनं हसणाऱ्यांना गप्प केलं आणि औदाच्या हातात कॉफीचा पेला दिला. त्यातला घोट कसा गिळला, हे देवाला ठाऊक. पण खरी शिक्षा पुढे होती. खिंडीपर्यंत किती वेळ लागेल असा प्रश्न निघाला, तेव्हा औदाकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. फरजनं पडद्याकडे तोंड वळवून बायांत बसलेल्या रबीआला विचारलं. बापाची लाज राखत हलक्या आवाजात तिनं उत्तर दिलं.

बेत नवा ठरला. दोघं लेक पहाटे खिंडीतून पाठीवर पाणी घेऊन भराभर वर जातील, चादर घालतील आणि दिवस मावळायच्या आत उतरतील. म्हातारी खिंडीतच थांबेल. तिच्याजवळ कोण बसणार? औदाच म्हणाला, मी बसतो.

खिंडीत सबहानं घडी केलेल्या चादरीवरून दोन्ही तळवे फिरवले, काठ न् काठ चाचपला आणि ती हमैदच्या हाती दिली. "माझ्या हातानं घालणार होते, एवढं सांग पीराला." पोरं गेली. औदा त्याच दगडावर बसला, जिथं त्याचा गुडघा धरला होता. शेजारी म्हातारी.

दुपार कलली. तिनं विचारलं, "पोचले असतील का रे?"

हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं, आणि औदाला ते कळतही होतं. तो म्हणाला, "दिसत नाहीत, मावशी. कड्याआड गेलेत. पोचले असं मी म्हणणार नाही."

"मग काय दिसतंय?"

"तित्तिरांचा थवा आलाय. डोंगरावरून गेला. उतरला नाही."

म्हातारीनं मान हलवली आणि माथा जिकडे आहे असं तिला वाटत होतं, तिकडे तोंड करून ओठांतल्या ओठांत काही म्हणत राहिली. तोंड जरा डावीकडे वळलं होतं. औदानं तिचे खांदे धरून ते हलकेच नीट केलं.

चादर पोरांनी घातली, पण माथा तिला कधीच गाठता आला नाही. म्हणून मंडळी, एक मागणं आहे. संध्याकाळी देवापुढे हात पसराल तेव्हा त्या खिंडीत बसलेल्या सबहाची आठवण ठेवा.