सोन्याच्या पिनांची वायर

मी वायर बोलतेय. हसू नका, मी काही पंख्याची नाहीतर इस्त्रीची वायर नव्हे. टेपरेकॉर्डरमधला आवाज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोचवणारी, बोटाएवढी जाड, निळ्या रंगाची, आणि दोन्ही टोकांच्या पिनांना सोन्याचा मुलामा दिलेली वायर आहे मी. अस्सल जपानी.

माझा जन्म तिकडे एका मोठ्या कारखान्यात झाला. बारीक तांब्याच्या तारा, त्यांच्यावर विणलेली जाळी, त्यावर निळं जाड आवरण. मग मला मखमली कागदाच्या खोक्यात निजवलं. खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं की माझ्यातून जाणारा आवाज आरशासारखा स्वच्छ होतो. जन्मापासून डोळ्यांसमोर तेच असल्यामुळे मीही ते खरं मानून चालले होते.

बोटीवर काम करणाऱ्या एका गोव्याच्या माणसानं मला ट्रंकेत घालून आणलं आणि बेळगावात शांतिनाथअण्णांच्या दुकानात विकलं. अण्णांनी मला काचेच्या कपाटात ठेवलं. देशी वायरींची जुडगी मात्र बाहेर खिळ्याला लटकत असे. खरं सांगते, मी त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे. त्या बिचाऱ्या रोज विकल्या जात होत्या आणि मी तशीच पडून होते, तरी माझा तोरा काही उतरत नव्हता.

गिऱ्हाइकं यायची. महागाची वस्तू हातात घ्यायच्या आधी माणूस पँटीला हात पुसतो, हे मी तिथंच पाहिलं. किंमत ऐकली की "आई गं!" म्हणून मला परत खोक्यात ठेवायची, आणि जाताना खिळ्यावरची एक काळी वायर घेऊन जायची.

एकोणनव्वद सालच्या मार्च महिन्यात सिद्राम आला. निपाणीचा पोरगा, बेळगावात बँकेत नुकताच चिकटलेला. त्यानं खिशातून एक जुनी कॅसेट काढून काउंटरवर ठेवली.

"अण्णा, यात आमच्या आप्पांचं गाणं हाय. घरी म्हटलेलं. पर मागं सारखी खरखर येतीय. कटकट, कटकट. ती जायला पायजे."

"आप्पांना परत म्हणायला लावा की, नवी कॅसेट भरून देतो," अण्णा म्हणाले.

मग सिद्रामनं सांगितलं. त्याचे आप्पा, मायाप्पा, गायन पार्टीत गायचे. निपाणी, सदलगा, चिकोडी, जिथं जयंती तिथं आप्पांची पार्टी. गेल्या साली घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. आता तब्येतही ढासळली होती. पुढची जयंती त्यांना बघायला मिळेल की नाही, डॉक्टर काही बोलत नव्हते. आप्पांचा आवाज एवढ्या एकाच कॅसेटवर उरला होता. या चौदा एप्रिलच्या जयंतीला तो मंडपात वाजावा, आप्पांनी गल्लीत बसून तो ऐकावा, आणि गल्लीनंही ऐकावा, एवढंच त्याला हवं होतं.

अण्णांनी कपाट उघडलं. "नोडरी, बघा सिद्रामराव, वायर हलकी असली की वाटेत कचरा शिरतोय. ही घेऊन जावा. खरखरीचं नाव राहणार नाही."

अण्णा लबाड नव्हते हो. खोक्यावर वाचलं तेच त्यांनी सांगितलं. सिद्रामचा निम्मा पगार माझ्यावर गेला. पाकीट खिशात घालताना त्याचा चेहरा असा उजळला होता की मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

निपाणीत घरी पारूबाईनं मला उलटसुलट करून बघितलं. पारूबाई म्हणजे सिद्रामची आत्या. त्याची आई यल्लव्वा तो पाच वर्षांचा असतानाच वारली, तेव्हापासून घर तिनंच सांभाळलं.

"ह्या एवढ्याशा दोरीला एवढं पैसं? अरं, येवढ्यात तुला पँट-शर्ट आलं असतं की रं!"

"आत्ती, दोरी न्हवं ती. फॉरिनची वायर हाय."

"फॉरिनची असू दे न्हाईतर कडोलीची. दिसायला दोरीच हाय."

आप्पा खाटेवर बसून हसत होते. आवाज न काढता हसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला.

जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही सगळे मंडपात गेलो. निळ्या पताका लागल्या होत्या, खांबावर दोन कर्णे बांधून झाले होते. माइकवाला गुंडू त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी मांडी ठोकून बसला होता. आप्पांना खुर्ची दिली. त्यांनी गळ्याभोवतीचा टॉवेल नीट केला आणि कान पुढे करून बसले.

गुंडूनं आधी त्याचीच वायर लावली. काळी, मधे तुटलेली, चिकटपट्टी गुंडाळलेली. कर्ण्यातून आप्पांचा आवाज आला. काय आवाज होता तो, महाराजा! पोरींना शाळेत घाला म्हणून सांगणारं, आप्पांनी स्वतः जुळवलेलं गाणं. पण त्याच्या मागं कटकट, कटकट चालूच. कर्ण्यात तर ती जास्तच टोचत होती.

गुंडूनं तोंड वाकडं केलं. "हे असं लावलं तर लोक म्हणतील गुंडूचा सेटच बिघडलाय. मी न्हाई लावणार बगा."

"थांब की. ही लाव," म्हणून सिद्रामनं मला पुढे केलं.

"आयला! सोन्याची? हिला आधी ओवाळायची का काय?" असं म्हणत गुंडूनं माझ्या पिना खोचल्या.

माझ्या आयुष्यातलं पहिलं काम. आप्पांचा आवाज माझ्या अंगातून निघाला, आणि त्याच्या पाठोपाठ ती कटकटही निघाली. मी तिला अडवायला बघितलं. कशी अडवणार? मला हात नाहीत, चाळणी नाही. आत जे येतं ते बाहेर सोडायचं, यापलीकडे मला काही येत नाही, हे मला त्या दुपारी कळलं. खिळ्यावर लटकणाऱ्या त्या काळ्या वायरींनाही तेवढंच येत होतं.

सिद्राम डोळे मिटून ऐकत होता. "बघ, बघ! कमी झाली!"

"मला तर तशीच ऐकू यायलीय," गुंडू म्हणाला.

"न्हाई रं, झालीय कमी. नीट ऐक की."

पैसे मोजले की माणसाचे कान मोठे उदार होतात. पण दुसरं कडवं आलं आणि सिद्रामनं डोळे उघडले. "झालीय न्हवं थोडी कमी?" असं त्यानं परत विचारलं, आणि या वेळी आवाज इतका बारीक होता की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुंडूला दया आली असावी. त्यानं अ‍ॅम्प्लिफायरवरचं ट्रेबलचं बटण धरलं आणि पार खाली फिरवलं. आप्पांचा आवाज जरा जाड झाला, घोंगडीतून आल्यासारखा, पण कटकट गेली. फुकटच्या बटणानं ते काम केलं.

सिद्राम उडालाच. "गेली! आप्पा, गेली खरखर! ऐकताय न्हवं?"

आप्पा खुर्चीवरून उठले. चालताना धाप लागत होती तरी सरळ अ‍ॅम्प्लिफायरपाशी आले, गुंडूचा हात बाजूला सारला आणि बटण होतं तसं वर फिरवलं. कटकट परत सुरू झाली.

"आप्पा, अवो काय करताय! त्याच्यासाठीच तर एवढी धडपड केली मी!" सिद्राम ओरडला. आजारी बापावर ओरडायचं नव्हतं त्याला, पण तोंडातून गेलं.

आप्पांनी डावा हात पुढे धरला, पान धरल्यासारखा. उजव्या हाताची दोन बोटं उघडली, मिटली. उघडली, मिटली. कर्ण्यातली कटकट आणि आप्पांची बोटं बरोबर चालत होती.

विडीच्या घरात वाढलेल्या पोराला आणखी काय सांगावं लागतं? तेंदूचं पान मापावर धरून कातरीनं कापायचं, तोच हा हात.

"कातर?" सिद्राम म्हणाला. "कुनाची कातर? ... आईची?"

आप्पांनी मान हलवली. डोळे भरून आले होते त्यांचे.

पारूबाई मागं उभी होती. "व्हय रं, वैनीचीच! माझ्या ध्यानातच न्हाई बग आलं. मुंबईचा पावना टेप घेऊन आलता. म्हणला, कुनी बोलायचं न्हाई, सगळं टेपात जातंय. वैनी बसली की मग गप. तोंड बंद केलं. पर संध्याकाळी कारखान्यात विड्या द्यायच्या हुत्या, हात कसा थांबवायचा? आप्पानं डोळं वटारलं, तरी तिची कातर चालूच. आन मग तोच हसला, आन गायला लागला."

सिद्राम मातीत फतकल मारून बसला. आईचा एक फोटोदेखील नव्हता त्याच्याकडे. तिचा आवाज कसा होता हेही त्याला आठवत नव्हतं. आणि ती इतकी वर्षं याच कॅसेटमध्ये बसून पानं कापत होती, आणि हा तिलाच घालवायला निम्मा पगार देऊन मला घेऊन आला होता.

"गुंडू, पयल्यापासनं लाव," तो म्हणाला. "आन त्या बटणाला हात लावू नगंस."

जयंतीच्या दिवशी गाणं वाजलं, कटकटीसकट. मंडपात पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका सगळ्या विडीवाल्या. त्यातली अंबुबाई शेजारणीला म्हणाली, "कुनाची गं कातर? हात लई चपळ हाय."

सिद्राम जवळच उभा होता. "माझ्या आईचा," तो म्हणाला. एवढं मोठ्यानं, की आप्पांनी वळून बघितलं.

त्या पावसाळ्यात आप्पा गेले. आता मी बेळगावात सिद्रामच्या खोलीवर असते. टेप त्याचा, छोटा अ‍ॅम्प्लिफायर त्याचा, आणि मधे मी. घेतलीच आहे तर वापरायची, असं त्याचं म्हणणं. मित्र माझ्याकडे बघून विचारतात, "एवढी भारी वायर, काय फरक पडला का?" तो सरळ सांगतो, "काय बी न्हाई." मला पूर्वी राग आला असता. आता येत नाही.

तुम्हीसुद्धा दुकानात उभे असाल आणि काचेच्या कपाटात माझी एखादी बहीण दिसली, तर तिच्या खोक्यावरचं वाचून भुलू नका. खिळ्यावरची काळी घ्या, पिना घट्ट बसतात एवढं बघा. उरलेल्या पैशांच्या कोऱ्या कॅसेटी घ्या. घरात कुणी गात असेल, भाकरी थापत असेल, पोरांवर ओरडत असेल, तर टेप चालू करून ठेवा. आणि कृपा करून कुणाला गप बसा म्हणू नका.

सिद्राम रविवारी ती कॅसेट लावतो. शेवटचं कडवं होतं, आप्पा सूर सोडतात, गाणं संपतं. सिद्राम उठत नाही. कॅसेटवर अजून थोडी जागा असते. गाणं थांबलेलं असतं, सगळे गप बसलेले असतात, आणि यल्लव्वा पानं कापत असते. मग मुंबईचा पाहुणा टेपचं बटण दाबतो.