दुरुस्तीकाकांचा डावा हात

कडाकदादाचं खरं नाव गल्लीत बहुधा कुणालाच आठवत नव्हतं, आणि त्यालाही ते क्वचितच लागायचं. केस कापायचं दोन खुर्च्यांचं दुकान. एका खुर्चीमागे तो उभा, दुसरीमागे त्याचा थोरला मुलगा. मानेवरचे बारीक केस ब्रशने झटकून झाले की दादा गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायचा आणि एकेक बोट ओढून मोडायचा. कड्, कड्, कड्. डोक्यावर कापण्याजोगं काही उरलं नव्हतं अशी दोन-चार माणसंही एवढ्यासाठीच येऊन बसायची. नाव पडलं ते त्यामुळेच.

त्या दिवशी दुरुस्तीकाका आले ते मुळात तोंड पाडूनच. काकांचा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला. निवृत्तीनंतरही दादाच्या खुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या चुका काढत. त्यांनी बोट ठेवलं तिथे चूक असायचीच, हे सगळी गल्ली मानून होती. दादा तर जरा जास्तच.

पांढऱ्या कापडाखालून काकांनी हात बाहेर काढला. पेरं सुजून टरटरली होती.

"बघ. हे तुझं काम."

"माझं? काय झालं काका?"

"मलाच विचार! पेला धरवत नाही या हातात. इतकी वर्षं कडाकडा मोडतोयस, दुसरं काय होणार?"

शेजारच्या मुलाची कात्री थांबली. दादाची मान खाली गेली ती वर येईना. काकांनी हात परत कापडाखाली घेतला. पुन्हा दाखवा म्हणायचा दादाला धीर झाला नाही. केस कसेबसे कापले. काका उठून गेले, मागे न बघता.

घरी जेवताना दादाने बायकोला सगळं सांगितलं.

"आधी तुम्ही त्यांची बोटं मोडलीत, आता ते तुमच्या नावानं मोडतायत," ती म्हणाली. "फिट्टंफाट!" मग दादाचं ताट तसंच राहिलंय हे पाहून ती वरमली. "अहो, मनाला लावून नका घेऊ. माझी आई रोज बोटं मोडायची. शेवटपर्यंत सुईत दोरा ओवत होती."

"आणि तुझी आत्या?"

"ती कधीच मोडत नसे. तिची मात्र वाकडी झाली."

"मग?"

"मग काय? मी काय डॉक्टर आहे?"

तेव्हा दादा डॉक्टरकडे गेला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या बाई बोलायला मोकळ्या होत्या.

"सांध्यात एक द्रव असतो," त्या म्हणाल्या. "बोट ओढलं की त्यात वायूचा बुडबुडा होतो. आवाज येतो तो त्याचा. हाडाला काही होत नाही. त्याने संधिवात होतो, असं आजवर तरी दिसलेलं नाही."

"म्हणजे वाईट नाही."

"जोर लावू नका. आणि सूज असेल, दुखत असेल, तर अजिबात ओढू नका."

"म्हणजे वाईट आहे."

"तसं मी म्हटलं नाही."

"मग म्हटलंत काय?"

बाई हसल्या. "दाखवा बघू तुमची बोटं."

"माझी नाहीत हो. मी दुसऱ्यांची मोडतो."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

दवाखान्यातून बाहेर पडताना दादाच्या डोक्यात आत जातानापेक्षा जास्त गुंता होता. वाईट नाही, पण करू नका. करू नका, पण वाईट नाही. त्याने आपल्यापुरता निर्णय घेतला, बंद. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या वायरमनने सवयीने हात पुढे केला. दादा गोंधळला, आणि त्याने तो हात हातात घेऊन नुसता हलवला. वायरमन म्हणाला, "काय दादा, निवडणुकीला उभा राहतोयस का?" मुलगा हसला. दादाला हसू येईना. आपण काकांचा हात निकामी केला, हे एकच आत टोचत होतं. आणि काकांचाच केला, की सगळ्या गल्लीचा?

केस वाढले तसे काका पुन्हा आले. दुसऱ्याची कात्री त्यांना मानवत नसे. दादा मागे उभा राहून कापत होता, पण समोरच्या आरशात काहीतरी चुकतंय असं त्याला सारखं वाटत होतं, भिंतीवरचं चित्र तिरकं झाल्यासारखं. बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

"काका, पेपर आज उजव्या हातात?"

"मग काय करू? डाव्याने धरवत नाही. तोच तर सुजलाय."

दादाची कात्री हवेतच राहिली.

"डावा? अहो काका, डावा मी कधी मोडलाच नाही! डाव्यात तुमचा पेपर असायचा. तो कधी सोडलात तुम्ही?"

"खरंय काका," मुलगा म्हणाला. "उजवा बाबांकडे, डावा बातम्यांकडे."

काकांनी पेपर मांडीवर ठेवला. दोन्ही हात समोर धरले, मूळ प्रत आणि छापील प्रत शेजारी ठेवून पाहावी तसे. उजवा सडपातळ, सरळ. डावा सुजलेला.

"म्हणजे चूक माझी झाली," ते हळू म्हणाले.

दादाच्या छातीवरचा दगड उतरला. पण पुरता खाली टेकण्याआधीच काका पुढे म्हणाले, "उजवा ठणठणीत, कारण तू मोडलास. डावा गेला, कारण तू मोडला नाहीस! इतकी वर्षं एकच हात केलास रे?"

"तुम्ही पेपर सोडत नव्हता!"

"तू मागितलास कधी?"

मागितला नव्हता, हे खरंच होतं.

"आता मोड," काका म्हणाले.

"बाईंनी सांगितलंय, सुजलेल्याला ओढायचं नाही. तुम्ही आधी त्यांना दाखवा."

"जातो. इथून सरळ तिकडेच जातो. पण आधी मोड." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

दादाने तो गरम, जड हात आपल्या उजव्या हातात घेतला. ओढायची हिंमत होईना, सोडायचीही होईना. मग त्याने आपला डावा हात कापडाखाली नेला आणि उजव्याने काकांच्या बोटाला नुसता स्पर्श करत, डाव्याचं स्वतःचं बोट त्याच हाताच्या अंगठ्याने दाबलं. कड्.

काकांच्या कपाळावरची आठी सैल झाली.

पुढचं बोट. कड्. त्याच्या पुढचं. कड्. चौथ्याला दादाचं स्वतःचंच बोट वाजेना.

"हे बोलत नाही," काका डोळे न उघडता म्हणाले.

"दमलंय. राहू द्या."

काकांनी डोळे उघडले. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली, आणि पेपर अलगद डाव्या हातात धरला. "बघ! सैल झाली की नाही?"

झाली होती. निदान दादाला तरी तसं दिसत होतं. आरशात मुलगा डोळे मोठे करून त्याच्याकडे बघत होता.

काका दारापर्यंत गेले आणि थबकले. "बाई विचारतील, ही बोटं कधी मोडली होतीत का. काय सांगू?"

दादाने तोंड उघडलं. हो म्हणावं तर बाई चुकीचं समजणार. नाही म्हणावं तर काकांचा हात इथेच पुन्हा आखडायचा.

"थांबा," तो म्हणाला, "मीच येतो."

कात्री मुलाच्या हातात देऊन तो बाहेर पडला. काकांचा डावा हात त्याने जपून धरला होता. त्याचं स्वतःचं मधलं बोट आता ठणकायला लागलं होतं. की तसं नुसतं वाटत होतं, कोण जाणे.