वहिनीचं मेमरी कार्ड

“उघड ह्यो.” ओंकारनं बायकोचा मोबाईल बहिणीच्या पुढ्यात आदळला. “न्हाणीत जाऊन फोटू काढती अन् पुसून टाकती. कुनाला धाडती ते बघायचंय मला.”

सृष्टीनं मोबाईलला हात लावला नाही. “दादा, ज्याचा मोबाईल त्याची परवानगी लागती. पहिल्याच तासाला शिकवलंय आमाला.”

“परवानगी? माझ्याच बायकोच्या मोबाईलला?”

ही सृष्टी म्हणजे शिंगणापूरच्या कारभारींची धाकटी. नगरच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला होती आणि मायनर विषय घेतला होता डिजिटल फॉरेन्सिक. मोबाईल-कॉम्प्युटरमधला पुरावा शोधायचा, पुसलेलं परत वर काढायचं. घरात कुणाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी आई, मुक्ताबाई, गल्लीभर सांगत फिरायची, “आमची पोरगी मेलेला मोबाईल बोलता करती!” पोरगीही हरखायची. हे कौतुक एक दिवस असं अंगावर येईल हे तिला कुठं ठाऊक?

कारभारींनी, म्हणजे तिच्या आबांनी, सुपारी कातरता कातरता निकाल दिला. “घरच्या कामाला येत नसंल तर काय चाटायचंय ते शिक्षान? उघड, न्हाईतर उद्यापासनं कॉलेज बंद.”

ओंकारची बायको मोनिका हात पुसत सैपाकघरातून आली. एवढ्या उन्हाळ्यात तिच्या बाह्या मनगटापर्यंत. “बघा वन्सं,” ती म्हणाली, “माझी परवानगी हाय.” पुसलेलं परत येतं हे तिला खरं वाटत नव्हतं, की एकदाचं यावंच असं वाटत होतं, देव जाणे.

सृष्टीनं मोबाईलमधलं मेमरी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं. ओंकार तिच्या मानेवर श्वास टाकत उभा. एकेक फोटो वर यायला लागला. परका पुरुष त्यात कुणी नव्हता. काळानिळा दंड होता. सुजलेला ओठ होता. आरशाकडं पाठ करून काढलेली पाठ होती आणि तिच्यावर पट्ट्याचे वळ.

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. सृष्टीला वाटलं, आता आबा उठतील आणि दादाच्या मुस्काटात देतील.

“पूस ते,” कारभारी म्हणाले. “परत कुनाला घावायला नको.”

सृष्टीच्या डोक्यात तिडीक गेली. आणि लाजही वाटली, खोटं कशाला बोला! कसला मोठा शोध लावला होता तिनं? शिंगणापूरचं घर. चौकट आहे, दार नाही, पडदा तेवढा. चोराचं शनिदेव बघून घेतो म्हणून आजा-पणजानं कधी दार बसवलं नाही. अशा घरातलं रडणं चार घरं ऐकतात. हीही ऐकत होती. कानात हेडफोन घालून पुराव्याचे धडे पाठ करत होती.

“न्हाई पुसणार,” ती म्हणाली. “लॅपटॉपवर उतरवून घेते. पोलिसात दाखवायला पुरावा हाय ह्यो.”

“मग बस घरी. औंदाच उजवून टाकतो तुला,” कारभारी म्हणाले.

तेवढ्यात मोनिका पुढं झाली. लॅपटॉपला लावलेलं कार्ड तिनं ओढून काढलं, सासऱ्याच्या हातातला अडकित्ता घेतला आणि सुपारी कातरावी तसे कार्डाचे दोन तुकडे केले.

“वहिनी! अवं काय केलं हे? अजून उतरवलं नव्हतं मी! कुनाला तरी दाखवता आलं असतं!”

“कुनाला दाखवू, वन्सं? ज्यांनी बघायचं हुतं ते समदे हितंच बसलेत. बघितलं त्यांनी.” अडकित्ता तिनं पुसून परत पानाच्या डब्यात ठेवला. “तुमी कॉलेजला जावा.”

कारभारींनी पानाचा डबा पुढ्यात ओढला. कॉलेज वाचलं.

त्या रात्री मधल्या खोलीतून जे ऐकू यायचं ते आलंच. सृष्टी उठायला गेली तशी आईनं तिचा हात धरला. “गप पड गुमान.” ती झोपली नाही, पण उठलीही नाही.

सकाळी एसटीला निघताना मोनिका रोजच्यासारखी डबा घेऊन आली. “मेथी केलीय. तुमाला आवडती म्हनून.”

डबा तिनं डाव्या हातानं पुढं केला. उजवा पदराखाली होता.

सृष्टीनं तो झाकलेला हात बघितला. मग डबा घेतला आणि म्हणाली, “उशीर झाला वहिनी, बस चुकंल.”