जिच्यावरून मी फिरले नाही, ती नोट

मित्रांनो, माझं वजन सहा किलो आहे आणि ते सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही. मी एक जुनी पितळी इस्त्री आहे, पोटात निखारे घेऊन चालणारी. माझ्या झाकणाच्या खटक्यावर एक छोटा पितळी कोंबडा आहे. तो आरवत नाही, पण ऐट माझ्यापेक्षा त्यालाच जास्त.

एका ओताऱ्याने मला साच्यात ओतलं आणि गल्लीत इस्त्रीचा धंदा करणाऱ्या आमच्या काकूंच्या सासऱ्यांना विकलं. त्यांच्या हातून मी काकूंच्या हातात आले. जिन्याखालची आमची खोली एवढीशी. एक टेबल, त्यावर चौपदरी चादर आणि भिंतीला टेकलेले कपड्यांचे गठ्ठे. तिथे मी नवरदेवांचे सदरे ताठ केले, परिचारिकांचे गणवेश कडक केले, पहिल्या नोकरीला निघालेल्यांच्या विजारींना धार आणली. काकू गिऱ्हाइकाला तोंडावरून नाही, कॉलरवरून ओळखत. त्यांचा एकच नियम होता, "ज्या कापडाचा स्वभाव माहीत नाही, त्याला गरम लावायचं नाही. आधी विचारायचं." म्हणून तीस वर्षांत आमच्या हातून एक कपडा जळला नाही. त्यातला अर्धा मान माझा.

पण माझं वजन हळूहळू काकूंच्या मनगटात उतरलं. संध्याकाळी मनगट टम्म सुजायचं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "हलकी विजेची इस्त्री घ्या, नाहीतर धंदा सोडा." काकू म्हणाल्या, "घेऊ सवडीनं." पैशांची सवड काही होईना.

मग एके सकाळी दूधवाल्याने सुट्ट्या पैशांत काकूंना एक जुनी नोट दिली. आता छापत नाहीत तसली, चार घड्या पडलेली. काकूंच्या यजमानांना सगळी गल्ली 'वकील' म्हणते, कोर्टाची पायरी न चढताच. त्यांनी नोट पाहिली आणि ते उडालेच.

"अगं, फोनवर वाचलंय मी! लाख मिळतात लाख!"

"दूधवाल्याला काय वेड लागलंय, लाख सुट्टे म्हणून द्यायला?"

"त्याला कळत नाही म्हणून तर तो दूध विकतो! तू हिच्यावर इस्त्री फिरव. गिऱ्हाइकापुढे जायचं तर नटूनथटून जावं."

मी तापलेलीच होते. नोट विकली गेली की हलकी इस्त्री येणार आणि माझी जागा जाणार, हे मला कळत होतं. तरीही खरं सांगते, मला हुरूप आला. समोर सुरकुती दिसली की मला राहवत नाही. काकूंनी नोट चादरीवर पसरली, मला उचललं आणि माझी सावली तिच्यावर पडली. तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

"अहो, या कागदाचा स्वभाव कुठे ठाऊक आहे आपल्याला?"

"नोटेला कसला आलाय स्वभाव? एका हातात राहत नाही, हाच!"

"मला ठाऊक नाही, तुम्हालाही नाही. मग गरम लावायचं नाही." काकूंनी मला बाजूला ठेवलं आणि नोट वहीच्या पानांत घातली. मला जरा अपमानच वाटला.

संध्याकाळी मास्तर शर्ट न्यायला आले. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना जुन्या नोटा जमवायचा नाद. काकूंनी वही उघडली. मास्तरांनी खिशातलं भिंग काढलं. मग भिंग ठेवलं आणि डोळे मिटून नोटेवरून अलगद बोट फिरवलं.

"लाखबिख विसरा, वकीलसाहेब. असल्या पुष्कळ छापल्या होत्या."

वकिलांचा चेहरा पाण्यात भिजवलेल्या कॉलरसारखा पडला.

"पण इतक्या चांगल्या थोड्याच उरल्या. घड्या पडल्यात, तेवढी किंमत कमी. तरी ही कुणी धुतली नाही, चिकटवली नाही. छपाईचा उठाव अजून बोटाला लागतो. इस्त्री फिरवली असती तर तो दबला असता. मग हिचं फक्त दूध आलं असतं."

"आता काय येईल?" काकूंनी मनगट चोळत विचारलं.

"एक बरी हलकी इस्त्री येईल. पण ही नोट मलाच हवीय, म्हणून माझ्या शब्दावर जाऊ नका. आणखी दोघांना दाखवा."

काकूंनी दोघांना दाखवली. भाव मास्तरांचाच जास्त निघाला. आठव्या दिवशी नवी इस्त्री आली, पांढरी, हलकी आणि लांब शेपटीची. महिनाभरात काकूंच्या मनगटाची सूज उतरली.

वकिलांची नजर आता माझ्याकडे वळली. "हिला राखेनं घासून चकचकीत करतो. जुन्या बाजारात बरे पैसे येतील."

"हात लावायचा नाही," काकू म्हणाल्या. "हिचा स्वभाव मला ठाऊक आहे."

तेव्हापासून मी वरच्या फळीवर आहे. जरा काळवंडले आहे, पण कोंबडा अजून ताठ आहे. वीज गेली की शेपटीवाली गप्प पडते आणि एखाद्या अडलेल्या शर्टापुरतं काकू मलाच खाली घेतात.

मित्रांनो, जुनं काही हाती आलं तर ते उजळायची घाई करू नका. आधी जाणत्याला विचारा. मी आयुष्यभर हजारो सुरकुत्या मोडल्या आणि त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पडल्या. त्या नोटेच्या चार घड्या मात्र मास्तरांच्या संग्रहात अजून जशाच्या तशा आहेत. त्यातलाही अर्धा मान माझा.