जिताड्याचा लसावि

आमचे हे, काशिराम, उरणच्या बंदरात क्रेन चालवतात. सुट्टी दर सहाव्या दिवशी. सखूबाई मासळीची पाटी घेऊन रोडपालीत आमच्या बिल्डिंगखाली येते दर चौथ्या दिवशी, कारण मधले तीन दिवस तिची दुसरीकडची गिऱ्हाइकं. मागे एकदा दोन्ही एकाच दिवशी जुळलं, तर हे घासाघीस करत बसले आणि जिताडा शेजारच्या भामाने उचलला.

"तोंड नको पाडू दादा," सखूबाई म्हणाली. "परत तुजी सुट्टी आन् माजी फेरी एका दिवशी आली का जिताडा तुजाच."

ह्यांनी तिथेच हिशेब केला. सहा चोक चोवीस. घरात येऊन कॅलेंडरवर चोविसाव्या दिवसाला लाल पेनाने असा गिरवून गोल काढला की आकड्याखालचं काही दिसेना.

सहावीतली मनस्वी म्हणाली, "बाबा, लसावि काढा. बारा येतो."

"सहा चोक चोवीस नाय का?"

"आहे की. पण त्याच्या आधी बाराव्या दिवशीच जुळतंय."

"तू पयली गणितात पास हो."

ती पास व्हावी म्हणून ती चौथीत असल्यापासून हे संकष्टी धरतात, त्यामुळे तिच्या उत्तरांवर विश्वास ठेवायची ह्यांना सवय नाही. वर बाराव्या दिवसाची सुट्टी ह्यांनी क्रेनवरच्या जोडीदाराला, निकेशला देऊन टाकली, त्याच्या बहिणीच्या हळदीसाठी.

बाराव्या दिवशी सखूबाई दारात. पाटीत चांगला दीड किलोचा जिताडा. "दादा कुठं हाय?"

काय सांगणार, कपाळ? मासा घेतला, कालवण केलं. दुपारी ह्यांचा फोन आला तेव्हा मनस्वीने तोंडातला काटा काढून "बारा" एवढंच सांगितलं. मला हसू आलं, आणि वाईटही वाटलं. जिताड्याचं डोकं ह्यांच्यासाठी झाकून ठेवलं.

संध्याकाळी हे डोकं चोखत बसले तशी मनस्वीने वही पुढे केली. सहा, बारा, अठरा, चोवीस. खाली चार, आठ, बारा. ह्यांनी कोरडं बोट ठेवून दोनदा मोजलं.

"तुजंच बरोबर," हे म्हणाले, आणि लगेच तोंड उजळलं. "पन चोवीसलाबी जुळतंयच की. सखूबाईला सांगून ठेव, दोन किलोचा आन."

मी कॅलेंडर काढून ट्यूबलाइटखाली धरलं. त्या गोलाच्या शाईखाली बारीक अक्षरं होती. संकष्टी.

हे मनस्वीकडे वळले.

"गणितात पास झालीस असंच समजू ना आता?"