खडीकरणचे चाहते

गहिनीनाथनं तो व्हिडिओ नेटवर टाकला तेव्हा त्याला कुणाशी भांडायचं नव्हतं. नेकनूरला बसस्टँडजवळ त्याचं साउंड सिस्टीमचं दुकान होतं. दिवाळीच्या आधी जुना कॉम्प्युटर साफ करताना त्याला एक धुरकट चित्रीकरण सापडलं. अंबाजोगाईच्या कॉलेजचं वीस वर्षांपूर्वीचं गॅदरिंग. स्टेजवर चार पोरं, गुडघ्यात फाटलेल्या पँटी, आणि मधोमध माईक गिळायला निघाल्यासारखा ओरडणारा विजयसिंह.

बँडचं नाव होतं खडीकरण. विजयसिंह सुट्टीत पुण्याला जाऊन आला होता आणि येताना चाकांची फळी, स्केटबोर्ड, घेऊन आला होता. होस्टेलसमोरच्या उताराच्या सिमेंट रोडवर ही चौघं त्या फळीवरून सुसाट खाली यायची, आपटायची, कोपरं सोलून घ्यायची आणि संध्याकाळी त्याच अंगानं गाणी वाजवायची. विजयसिंह त्याला स्केट पंक म्हणायचा. तो शब्द कुणाला धड कळला नव्हता. कळत होतं ते एवढंच, की हनुमान नावाचा पोरगा मळणी यंत्र लागल्यासारखे ड्रम वाजवतो आणि चहा कपात ओतून होईपर्यंत गाणं संपतंसुद्धा. एक गाणं सगळ्यांना पाठ होतं:

खडी खाल्ली, डांबर प्यालं
सायबाचं पोट रस्त्याएवढं झालं

विजयसिंहचे वडील अर्जुनराव हे त्या वेळी तालुक्यातले पुढारी आणि रस्त्यांचे ठेकेदार. बापाच्या तोंडावर पोरगा असलं गाणं म्हणतो, याचंच पोरांना वेड लागलं होतं.

व्हिडिओखाली आठवणींचा पाऊस पडला. अंबाजोगाईतल्या एका नर्सनं लिहिलं, नाईट ड्युटीला झोप आली की मी हेच गुणगुणायचे. दुबईतल्या एका ड्रायव्हरनं लिहिलं, माझ्या लग्नात बँडवाल्याला हे वाजवायला लावलं होतं, सासरा उठून गेला. अभिमन्यूनं लिहिलं, मी आणि गहिनीनाथ एका खोलीत राहायचो, एकच हेडफोन होता, एक कान त्याचा, एक माझा. अभिमन्यू बागायतदाराचा मुलगा. कॉलेज सुटल्यावर दोघांची गाठ अशी पडली नव्हती, फोन तेवढा चालायचा. गहिनीनाथनं ते वाचून दुकानातल्या दुकानात बायकोला हाक मारली.

"सुनिता, हे बघ. अभ्यानं लिवलंय."

"दोन वर्षांत एकदा तरी फोन केला का त्यानं?" सुनिता म्हणाली.

केला नव्हता. गहिनीनाथनंही केला नव्हता. दोन वर्षांपासून जिल्ह्यात आडनाव विचारल्याशिवाय कुणी कुणाला चहा पाजत नव्हतं. गावागावांत हॉटेलं जातीवर वाटली गेली होती, किराणा दुकानं वाटली गेली होती. गहिनीनाथच्या स्पीकरवर वरात काढणारी अर्धी गावं आता दुसऱ्याकडून स्पीकर आणत होती.

जिल्हा परिषदेची निवडणूक लागली आणि विजयसिंह उभा राहिला. बापाचा ठेक्याचा धंदा आता तोच बघायचा. विरोधकांनी व्हिडिओतल्या त्या दोन ओळी कापून घेतल्या आणि प्रचाराच्या जीपवर लावल्या. उमेदवाराच्याच आवाजात उमेदवाराच्या गावातून गाणं फिरू लागलं. व्हिडिओखालच्या आठवणी आटल्या आणि शिव्या सुरू झाल्या. हे तुमच्याच लोकांचं काम. तुमची लायकी ऊसतोडीच्या कोयत्याचीच. कोणाच्या शेतावर जगला विसरलात का. ज्या माणसानं आदल्या आठवड्यात 'डोळ्यांत पाणी आलं' असं लिहिलं होतं, त्यानंच खाली गहिनीनाथला घरात घुसून मारण्याची धमकी लिहिली.

विजयसिंह स्वतः दुकानात आला तेव्हा ऊन उतरत होतं. पांढरा शर्ट, पोट सुटलेलं, बरोबर दोन माणसं. गहिनीनाथ सोल्डरिंग करत होता. तो उठून उभा राहिला. इतक्या वर्षांनी समोर आलेल्या विजयसिंहला बघून त्याला कॉलेजातल्यासारखंच भारी वाटलं, आणि त्याचा त्याला रागही आला.

"तू टाकलास बे तो व्हिडिओ?"

"मीच टाकला. लोकायला आवडला."

"काढ."

"न्हाई काढत."

बरोबरच्या माणसांपैकी एकजण पुढं झाला. विजयसिंहनं त्याला हातानं थांबवलं आणि खुर्ची ओढून बसला.

"तुला काय पाहिजे?"

"मला काय पाहिजे असणार? साहेब, मी तुमच्या त्या गाण्यावर जगलोय." गहिनीनाथनं वरचा ओठ बोटानं उचलून दाखवला. पुढचा एक दात नव्हता. "कॉलेज सोडून मी आईबापासंग ऊसतोडीला गेलतो. फडात मुकादमानं आईला शिवी दिली. आधी सगळेच मान खाली घालायचे. मी न्हाई घातली. डोक्यात तुमचं गाणं चालू होतं. म्हणलं, हा गडी सख्ख्या बापासमोर बोलतो, मग मी मुकादमासमोर कावून गप बसू? त्यानं कोयत्याच्या मुठीनं मारलं. दात गेला. पण पुन्हा फडात पाय ठेवला न्हाई. हे दुकान त्याच्यामुळं हाय."

विजयसिंह हसला.

"बापासमोर?" विजयसिंह म्हणाला. "अरे येड्या, ते गाणं दादांनीच, माझ्या बापानंच करायला लावलं होतं. त्या साली घाटातल्या रस्त्याचा ठेका दुसऱ्याला गेलता. दादा म्हणले, पोरांच्या तोंडून त्याची इज्जत काढा, कॉलेजातलं गावभर होतं. गिटार दादांनी आणून दिली, माईक दादांनी दिला. सायब म्हणजे तो दुसरा ठेकेदार. तुमी लोकांनी उगं दादांवर घेतलं आणि मला वाघ केलं. मला बी बरं वाटलं, म्हणून बोललो न्हाई."

"खोटं."

"हनुमानला विचार. आता तो आमचाच खडीचा टिप्पर चालवतो."

"तरी मी काढणार न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

विजयसिंह उठला. जाता जाता त्याच्या माणसानं टेबलावरचा साउंडचा मिक्सर उचलला आणि फरशीवर सोडून दिला. बटणं चहूकडं उडाली. मागच्या खोलीतून सुनिता धावत आली आणि रस्त्यापर्यंत त्यांच्या मागं गेली.

"मतं मागायला येता आणि दुकान फोडता का? ये ना परत! ये!"

बाजारपेठेतल्या कुणीही मान वर केली नाही.

रात्री जेवताना गहिनीनाथनं तिला सगळं सांगितलं. सुनितानं ताट बाजूला सारलं.

"गाणं कुणी का करायला लावलं असंना. दात तर तुमचाच पडला की."

"तुला न्हाई कळायचं."

"मला कळतंय. तुमाला त्या माणसाचं वाईट वाटतंय, मिक्सरचं न्हाई. ह्याचाच राग येतोय मला."

अभिमन्यूनं मतदानाच्या आधीच्या रविवारी कपिलधारला चाहत्यांना बोलावलं होतं. राजकारण नको, फक्त गाणी, असं त्यानं लिहिलं होतं. बोलावलं खूप जणांना, आले थोडे. धबधब्याच्या अलीकडं झाडाखाली दोन घोळके करून ते बसले. सावली एकच होती, तरी मधे एक सतरंजीभर जागा मोकळी. गहिनीनाथ आपला छोटा स्पीकर घेऊन गेला. त्याला बघून अभिमन्यू उठला, पण हात पुढं केला नाही.

पहिली दोन गाणी चांगली गेली. चाळिशीतली माणसं मांड्यांवर ताल धरून ओरडत होती. देवळात दर्शनाला आलेल्या बायका लांबून बघत होत्या. ती नर्सही आली होती. डोळे मिटून ती सगळे शब्द म्हणत होती. मग खडीचं गाणं लागलं. गहिनीनाथनं मध्येच स्पीकर बंद केला.

"एक सांगायचंय," तो म्हणाला, आणि विजयसिंह जे बोलला होता ते त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

एकजण म्हणाला, "किती दिले रे विरोधकांनी?"

"कोण देणार मला? माझा मिक्सर फोडला त्यानं."

"मग त्याचाच डूख धरून बोलतोय."

"ह्याच्या लोकायला आपलं काहीच चांगलं बघवत न्हाई," मोकळ्या जागेपलीकडून आवाज आला.

गहिनीनाथच्या बाजूचे दोघं उठले. पण तेही त्याच्यासाठी उठले नव्हते. त्यातल्या एकानं त्याच्या खांद्याला झटका दिला. "आमचं तेवढंच एक चांगलं होतं बे त्या दिवसांतलं. त्यात पण घाण केलीस."

"अभ्या, तू तरी ऐक," गहिनीनाथ म्हणाला. "हनुमानला फोन लाव. आत्ता लाव."

अभिमन्यू पुढं आला आणि त्यानं गहिनीनाथच्या कानशिलात मारली. सगळ्या अंगाची ताकद लावून मारली. एका खोलीत राहिलेल्या त्या तीन वर्षांत त्यानं त्याच्यावर कधी हात उचलला नव्हता. गहिनीनाथ पडला नाही. त्यानं स्पीकर उचलला, वायर गुंडाळली आणि पायऱ्या चढून गाडीकडं निघाला. मागं नर्स कुणाला तरी म्हणत होती, "बरं केलं."

त्याला चाहत्यांच्या ग्रुपमधून काढलं. विजयसिंहच्या लोकांनी तक्रारी करून व्हिडिओही काढायला लावला. विजयसिंह निवडून आला आणि त्याच्या मिरवणुकीला बीडहून मोठी सिस्टीम आली. गहिनीनाथनं नवीन मिक्सर आणला नाही. जुनाच उघडून एकेक बटण बसवत राहिला. त्यातली काही चॅनेलं परत चालू झालीच नाहीत.

थंडी पडल्यावर एका दुपारी अभिमन्यू दुकानासमोर येऊन उभा राहिला. आत आला नाही. रस्त्यावरचे लोक त्याच्याकडं बघत होते. या बाजूच्या दुकानाशी त्याच्या गावातलं कुणी थांबत नव्हतं.

"हनुमानला भेटलो," तो म्हणाला.

गहिनीनाथनं काम थांबवलं नाही.

"तो खरंच तसं म्हणला. दादांनीच करायला लावलं म्हणला. तुला आधी माहीत होतं का, कॉलेजात असताना?"

"न्हाई."

अभिमन्यूचा चेहरा लाल झाला होता. माफी मागायला आलेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

"मग कळलं तर गिळायचं ना आपल्यापाशी! आमाला कावून सांगितलंस? मी घरात बापाशी बोलत न्हाई बारा वर्षं. का, माहीत हाय? बापाला तोंडावर बोललो, त्या गाण्यापायी. मला वाटायचं, एक पोरगा तरी बोलला होता. आता मी काय करू? जाऊन पाया पडू बापाच्या?"

गहिनीनाथनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. गालावर त्या दिवशीची आग परत चढल्यासारखं त्याला वाटलं. शिवी ओठांपर्यंत आली होती.

"माझ्या एकट्याला झेपंना," तो म्हणाला. "म्हणून सांगितलं."

"मला बी न्हाई झेपत," अभिमन्यू म्हणाला. मग रस्त्यावर थुंकला, गाडीला किक मारली आणि बीडच्या दिशेनं निघून गेला.

सुनिता मागून येऊन दारात उभी राहिली. "काय म्हणत होता?"

"काही न्हाई. दार लोटून घे, धूळ येतीय," गहिनीनाथ म्हणाला आणि त्यानं मिक्सरचं झाकण परत उघडलं.